ब्रेक मास्टर सिलिंडर (दुरुस्ती व बदल)

पेडलवरच्या पायाचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलणारा पंप. मूळ कल्पना कोणाची, याविषयी मतभेद आहेत. माल्कम लॉकहीड यांचे १९१७ च्या सुमाराचे पेटंट बहुधा आरंभ मानले जाते. काही अभ्यासक १९१४ च्या ड्यूसेनबर्ग शर्यतगाड्यांचा दाखला देतात. दुरुस्तीच्या दृष्टीने १९२४ ची क्रायस्लर अधिक महत्त्वाची वाटते. तिच्यात कातडी वॉशरच्या (ऑइल अडवणाऱ्या कडीच्या) जागी रबरी आले. आजचे ‘किट’ (बदलायच्या रबरी भागांचा संच) त्याच वळणाचे आहे.

बाहेर गळती नसताना दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली गेले, तर मुख्य वॉशर ऑइल मागे सोडतो आहे असे समजावे. ब्रेक धरून राहत असतील, तर ब्रेक ऑइलच्या टाकीखालचे बारीक छिद्र तपासावे. पाय सुटल्यावर ऑइल याच छिद्रातून टाकीत परतते. पुशरॉडला (पेडलचा जोर सिलिंडरात पोचवणाऱ्या दांडीला) मोकळी चाल नसली किंवा इंजिन ऑइल पडून रबर फुगले, की हे छिद्र झाकले जाते. मग ऑइल तापून फुगत जाते आणि ब्रेक आपोआप आवळतात. सोलापूरच्या उन्हात, विशेषतः तुळजापूरचा घाट उतरून आलेल्या गाडीत, हा दोष लवकर उघडा पडतो.

ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. डॉट-३ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओलाव्याने तो १४० पर्यंत उतरू शकतो. हेच पाणी बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) गंजवते. बिडाच्या बोअरवरचे हलके डाग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने जातात. नख अडकले तर सिलिंडरच बदलावा. ॲल्युमिनियमचा बोअर घासूच नये, वरचा कठीण थर जातो. बदलताना बोअरचे माप तेच घ्यावे : १९ मिमीऐवजी २२ मिमी बसवल्यास तेवढ्याच दाबासाठी पायाला सुमारे ३४ टक्के अधिक जोर लागतो.

भाग स्पिरिटने वा ताज्या ब्रेक ऑइलने धुवावेत. पेट्रोल, रॉकेल वा ग्रीस लावू नये. उजव्या स्टिअरिंगच्या जुन्या एकेरी सर्किटच्या (चारही चाकांना एकच ऑइलमार्ग असलेल्या) गाडीत ऑइलमधली हवा काढण्याचा क्रम सहसा मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे असा असतो. जुनाच सिलिंडर ठेवला असेल, तर हवा काढताना पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवावा. तळापर्यंत दाबल्यास वॉशर न वापरलेल्या गंजक्या भागावर जाऊन फाटतो. शेवटी टाकीचे झाकण काढून, डोळे जपून, पेडल अलगद दाबायला सांगावे. ऑइलची बारीक चिळकांडी वर आली, म्हणजे छिद्र मोकळे आहे.