विमान उठेना: बर्फ पंखावरचा की कार्ब्युरेटरमधला?

आमच्या लातूरकडं डिसेंबरात सकाळी गाडीची सीट दवानं ओली असते पण बर्फ काही दिसत नाही, म्हणून लहान विमान टेकऑफला आयसिंगमुळं, म्हणजे बर्फ साचल्यामुळं, पडलं असं वाचलं की आपण म्हणतो हे तिकडं कॅनडा-अलास्काचं दुखणं. पण आयसिंग या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी येतात, आणि त्यातली एक आपल्या हवेतही होऊ शकते.

पहिली पंखावरची. रात्रभर उघड्यावर उभ्या विमानाचा पंख मोकळ्या आभाळाखाली हवेपेक्षाही गार पडतो, त्यावर दव गोठतं. थर सँडपेपरसारखा खरबरीत असला तरी लिफ्ट, म्हणजे विमान उचलणारी ताकद, 30 टक्क्यांपर्यंत घटते, ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, 40 टक्क्यांपर्यंत वाढतो. इंजिन फुल ताकदीत असतं, विमान उठतंही, कारण जमिनीलगत ग्राउंड इफेक्टचा, म्हणजे जमीन जवळ असल्यानं पंखाला मिळणारा जादा आधार असतो, जरा वर गेलं की तो सुटतो अन् विमान स्टॉल होतं, म्हणजे पंख विमान पेलेनासा होतो, कधी कधी तर स्टॉलचा इशारा देणारा हॉर्न वाजायच्या आधीच. कॅनडात ड्रायडनला 10 मार्च 1989 ला पंख न साफ करता निघालेलं फोकर जेट असंच पडलं, 24 माणसं गेली, म्हणजे मोठ्या विमानालाही सूट नाही. धावपट्टीवर पळताना थर वाऱ्यानं उडून जाईल यावर अजिबात विसंबू नये, हात फिरवून बघायचं आणि पूर्ण काढायचं.

दुसरी कार्ब्युरेटरमधली, म्हणजे इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागातली. इथं पंख स्वच्छ, दम इंजिनाचा जातो. हातावर पेट्रोल सांडलं की कसं गार लागतं, तसं पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद गळ्यातून जाताना आतलं तापमान 30 अंशांहून जास्त उतरू शकतं. म्हणून बाहेर 20 अंश आणि हवा दमट असली तरी आत बर्फ! टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर धावपट्टीकडं जाताना, इंजिन स्लो असतं तेव्हा तो गुपचूप साचतो, मग फुल थ्रॉटल दिला तरी आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, चढत नाही. उपाय कार्ब हीट, म्हणजे गरम हवा आत सोडायची. पण खरी गोम पुढं आहे, हीट ओढल्यावर वितळलेलं पाणी इंजिनात जातं, इंजिन झटके देतं, आरपीएम अजून पडतो, नवशिका घाबरून लगेच हीट बंद करतो आणि बर्फ तसाच राहतो. थोडा दम धरला तर आरपीएम वर येतो. हे सगळं धावपट्टीवर जायच्या आधी तपासायचं, कारण गरम हवेनं ताकद कमी होते म्हणून टेकऑफला हीट सहसा बंद ठेवतात.

फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनाला कार्ब्युरेटरच नसतो, तिथं ही दुसऱ्या प्रकारची भानगड नाही. पंख मात्र त्यालाही आहेत.