‘बोअर’चा घोळ

मराठवाड्यात ‘बोअर मारला’ म्हटलं की समोरचा आधी विचारतो, किती फुटांवर पाणी लागलं? वर्गात मात्र हाच शब्द कंटाळ्यासाठी येतो. दोन्हींचं मूळ एक की वेगळं, हे आजही ठरलेलं नाही. भोक पाडण्याचा ‘बोअर’ जुन्या इंग्रजीतला. कंटाळ्याचा एकदम 1760 च्या दशकात उगवला. त्या काळच्या पत्रांत ‘फ्रेंच बोअर’ असा प्रयोग सापडतो, म्हणून काहींनी मूळ फ्रेंचमध्ये शोधलं. डोक्याला गिरमिट लावणारा तो बोअर, ही व्युत्पत्ती लोकांना जास्त पटते; पुरावा तिलाही नाही.

कंटाळ्याच्या इतर इंग्रजी शब्दांची कुळं सरळ आहेत. ‘मोनोटोनस’ ग्रीक, एका सुराचा. आपला ‘एकसुरी’ अगदी तोच. ‘इन्सिपिड’ म्हणजे अळणी. ‘ड्रॅब’ हा न रंगवलेल्या कापडाचा मळकट रंग. ‘ड्रीअरी’ म्हणजे उदासवाणा; त्याच्या मुळाशी तर रक्त आहे.

निजामी राजवटीत मराठवाड्यातलं वरचं शिक्षण उर्दूत होतं. 1918 मध्ये हैदराबादेत निघालेलं विद्यापीठही उर्दू माध्यमाचंच, इंग्रजी तिथे सक्तीचा विषय. 1948 नंतर चित्र पालटलं आणि 2000 पासून इंग्रजी थेट पहिलीत आलं. इंग्रजी शिकण्याची वर्षं वाढली, पण डल, टीडियस, मोनोटोनस, बोअरिंग या चौघांपुढे ‘कंटाळवाणा’ लिहून मोकळं व्हायची सवय गेली नाही. वास्तविक लांबत जाणारं किचकट काम टीडियस: सातबाऱ्याच्या नोंदी एकेक करून ताडणं. पंपाची एकसारखी घरघर मोनोटोनस. ढगाळ, मलूल दिवस डल.

सगळ्यात मोठी चूक बोलीतून येते. मराठीने नुसता ‘बोअर’ उचलला आणि पुढे आपली क्रियापदं जोडली: पिक्चर बोअर होता, मला बोअर झालं, तो बोअर मारतो. वस्तू, मन आणि माणूस, तिघांना एकच रूप. शिवाय ‘मला कंटाळा आला’मधला ‘मला’ इंग्रजीत ‘आय’ होतो आणि पोरगं लिहितं ‘आय ॲम बोअरिंग’, म्हणजे मीच रटाळ! ज्याला कंटाळा येतो तो ‘बोअर्ड’, ज्याच्यामुळे येतो ते ‘बोअरिंग’. ‘बोअर्ड’पुढचं अव्यय ‘विथ’ किंवा ‘बाय’. ‘बोअर्ड ऑफ’ अलीकडे इंग्रजांच्याही तोंडी सर्रास ऐकू येतं, पण पेपरात ते लिहिलं तर मार्क जाण्याची भीती आहेच.