एम.ए. भाषाविज्ञान: शाखा कोणतीही चालते, अर्ज अडतो कागदांवर

बी.कॉम. झालंय, भाषाविज्ञानाला प्रवेश मिळेल का? इंजिनिअरिंगनंतर जाता येतं का? बी.ए.ला संस्कृत होतं, पण भाषाविज्ञान विषय नव्हता, चालेल का? या सगळ्यांचं उत्तर हो असंच आहे. भारतात बी.ए.ला भाषाविज्ञान हा मुख्य विषय म्हणून फार थोड्या ठिकाणी शिकवतात. त्यामुळे एम.ए.चे वर्ग इतर शाखांमधून आलेल्या मुलामुलींनीच भरतात आणि विभागांनाही ते ठाऊक असतं. बहुतेक विद्यापीठांची अट ‘कोणत्याही शाखेची पदवी आणि किमान अमुक टक्के’ एवढीच असते. हा टक्का विद्यापीठागणिक आणि प्रवर्गागणिक बदलतो, म्हणून त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतला आकडाच खरा धरा.

अर्ज फेटाळले जातात ते दुसऱ्याच कारणांनी. तारीख चुकते, चुकीचा पेपर निवडलेला असतो, जातीचा दाखला राज्याच्या नमुन्यातला असतो, नाहीतर निकाल वेळेत लागत नाही.

जायचं कुठे, हे थोडक्यात. महाराष्ट्रात पुण्याचं डेक्कन कॉलेज (अभिमत विद्यापीठ) आणि कालिन्याला मुंबई विद्यापीठाचा भाषाविज्ञान विभाग. राज्याबाहेर चार केंद्रीय विद्यापीठं: जेएनयू (दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ), दिल्ली विद्यापीठ, हैदराबाद विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ. राज्यातल्या संस्थांकडे अर्ज थेट आणि वेगवेगळा करायचा असतो, आणि त्यांच्या जाहिराती केंद्रीय विद्यापीठांच्या बऱ्याच नंतर येतात. राज्याबाहेरच्या या चारही ठिकाणी वाट सीयुईटी-पीजी या देशपातळीवरच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून जाते, आणि गोंधळ मुख्यतः तिथेच होतो.

तारीख

आपल्याकडे सवय अशी, की मे-जूनमध्ये निकाल लागला की मग पुढच्या प्रवेशाचं बघायचं. सीयुईटी-पीजीच्या बाबतीत तोवर परीक्षासुद्धा होऊन गेलेली असते. अलीकडच्या वर्षांत अर्ज डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीत भरले गेले आणि परीक्षा मार्चमध्ये झाली. २०२२ साली ही परीक्षा पहिल्यांदा झाली तेव्हा ती सप्टेंबरमध्ये होती, २०२३ मध्ये जूनमध्ये. त्या दोन वर्षांत प्रवेश घेतलेले सीनियर अगदी खात्रीने ‘अजून वेळ आहे रे’ असं सांगतात, ते यामुळे. त्यांच्या वेळी तसंच होतं, आता नाही. शेवटच्या वर्षाच्या पाचव्या सेमिस्टरची परीक्षा आटोपत असतानाच अर्ज भरायचा आहे हे डोक्यात पक्कं ठेवा.

नुसता फॉर्म भरून उपयोग नाही, शुल्क जमा होऊन कन्फर्मेशन पेज डाउनलोड झालं तरच अर्ज पूर्ण. खात्यातून पैसे गेले आणि पान तयार झालं नाही, तर पैसे परत येतील म्हणून वाट बघत बसू नका. त्याच दिवशी पुन्हा लॉगिन करून स्थिती तपासा. शेवटच्या रात्री हे करायला वेळच उरत नाही.

पेपर

सीयुईटी-पीजीत विषयागणिक वेगळा पेपर आहे आणि एका उमेदवाराला जास्तीत जास्त चार पेपर निवडता येतात. भाषाविज्ञानाचा स्वतंत्र पेपर आहे. बी.ए. इंग्रजी केलेले कित्येक जण इंग्रजीचा पेपर घेतात आणि त्याच गुणांवर भाषाविज्ञानही मिळेल असं धरून चालतात. कोणत्या अभ्यासक्रमाला कोणता पेपर चालतो हे विद्यापीठ ठरवतं, परीक्षा घेणारी एनटीए नाही. म्हणून आधी विद्यापीठाच्या पानावर अभ्यासक्रमासमोर लिहिलेला पेपरचा कोड बघायचा आणि मग फॉर्ममध्ये तोच निवडायचा, उलट नाही. परीक्षा झाल्यावर ही चूक कुणालाच दुरुस्त करता येत नाही, कितीही ईमेल पाठवा.

२०२५ मध्ये पेपर ९० मिनिटांचा होता, ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकल्यास १ वजा. पेपर मराठीत नसतो. मराठी माध्यमातून आलेल्यांनी विषयाला घाबरायचं कारण नाही, पण संज्ञांचं मात्र बघावं लागतं. स्वनिम (अर्थात फरक पाडणारा ध्वनी), रूपिम (अर्थ असलेला शब्दाचा सगळ्यात लहान तुकडा), प्रयोग, विभक्ती हे नीट कळत असूनही समोर फोनीम, मॉर्फीम, व्हॉइस, केस आलं की गडबड होते. दोन्हीकडचे शब्द शेजारी शेजारी लिहून वहीची चार पानं भरा, तेवढ्याने हा अडथळा जातो.

तयारीत कुणाचं काय कच्चं असतं ते साधारण ठरलेलं आहे. इंजिनिअर आणि गणितवाले अनोळखी भाषेची दहा वाक्यं देऊन प्रत्यय ओळखायला सांगणारे प्रश्न झटपट सोडवतात, पण उच्चारस्थानं आणि आयपीए ही उच्चार लिहिण्याची आंतरराष्ट्रीय लिपी त्यांनी कधी पाहिलेली नसते. मराठी-संस्कृतवाल्यांना संधी, समास, कारक पाठ असतात, मात्र शाळेच्या व्याकरणातलं ‘शुद्ध-अशुद्ध’ डोक्यातून जात नाही आणि समाजभाषाविज्ञानाच्या, म्हणजे समाजात भाषा प्रत्यक्ष कशी वापरली जाते याच्या प्रश्नांवर ते नेमके चुकतात. वाचा-श्रवणदोष या विषयाचे पदवीधर ध्वनींमध्ये सगळ्यांच्या पुढे, वाक्यरचनेत मागे. सगळ्यांना एकच सुचवणं: पुस्तकातली व्याख्या पाठ करण्याआधी ती स्वतःच्या भाषेवर लावून बघा. ‘जग’ हा शब्द दोनदा उच्चारा, एकदा दुनिया या अर्थाने, एकदा ‘शंभर वर्षं जग’ मधला. ज च्या वेळी जीभ दोन वेगळ्या जागी लागते आणि अर्थही बदलतो, लिपीत मात्र अक्षर एकच आहे. दोन ध्वनी वेगळे स्वनिम आहेत हे कशावरून ठरवतात, हा प्रश्न मग पाठ करावा लागत नाही.

जातीचा आणि ईडब्ल्यूएसचा दाखला

महाराष्ट्रातले सगळ्यात जास्त अर्ज इथे अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

राज्यात ओबीसी उमेदवाराकडे दोन कागद असतात: जात प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर. केंद्रीय विद्यापीठांना हे दोन कागद नको असतात. त्यांना भारत सरकारच्या नमुन्यातलं एकच प्रमाणपत्र लागतं, ज्यात जात आणि क्रिमीलेअरमध्ये नसल्याचा उल्लेख एकत्र असतो. राज्याचं नॉन-क्रिमीलेअर तीन वर्षांसाठी वैध आहे असं त्याच्यावर छापलेलं असलं, तरी ते इथे चालत नाही. शिवाय केंद्रीय प्रमाणपत्र चालू आर्थिक वर्षातलं, म्हणजे साधारण १ एप्रिलनंतर काढलेलं मागतात. जानेवारीत अर्ज भरताना जुनं चालून जातं, पण जून-जुलैच्या कागदपत्र तपासणीत नवंच द्यावं लागतं. म्हणून एप्रिल उजाडला की आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतूत अर्ज टाकायचा. राज्याचं जात प्रमाणपत्र आधीच हातात असेल तर जातीचा १९६७ पूर्वीचा पुरावा शोधण्याचं सगळ्यात कठीण काम होऊन गेलेलं असतं. उरतात उत्पन्नाचे दाखले, शाळा सोडल्याचा दाखला आणि रहिवासाचा पुरावा. सेतूतल्या माणसाला ‘नॉन-क्रिमीलेअर पाहिजे’ एवढंच सांगितलं की तो राज्याचंच काढून देतो. ‘केंद्र शासनाच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र’ असे शब्द वापरा आणि विद्यापीठाच्या पुस्तिकेतला नमुना छापून सोबत न्या.

त्याच्याही आधी करायची गोष्ट: आपली जात महाराष्ट्रासाठीच्या केंद्रीय ओबीसी यादीत आहे का ते शोधा. राज्याची यादी वेगळी, केंद्राची वेगळी. भटक्या-विमुक्तांना राज्यात स्वतंत्र प्रवर्ग आहे, केंद्रात तो रकानाच नाही. यादीत नाव असेल तर ते ओबीसीत मोजले जातात. एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) हा प्रवर्गही केंद्रात नाही. तो दाखला असलेल्यांनी तिथे ओबीसीवर टिक केलं की तपासणीत अर्ज बाद होतो. त्यांची जात केंद्राच्या कुठल्याही आरक्षण यादीत नसेल आणि निकष पूर्ण होत असतील, तर केंद्रीय ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीचा मार्ग मोकळा असतो.

ईडब्ल्यूएसमध्येही केंद्राचा नमुना वेगळा आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, एवढंच लोकांच्या लक्षात असतं. शेतजमीन ५ एकर किंवा जास्त असेल, किंवा राहता फ्लॅट १००० चौरस फूट किंवा त्याहून मोठा असेल, तर उत्पन्न कितीही कमी असलं तरी पात्रता जाते. कोरडवाहू सहा एकरांत काय पिकतं हे नियम करणाऱ्याला विचारून उपयोग नाही, नियम तसाच आहे. हा दाखलाही त्या त्या आर्थिक वर्षापुरताच.

टक्केवारी, बारावी आणि नाव

सीजीपीएला १० ने किंवा ९.५ ने गुणून टक्के काढू नका. आपल्या विद्यापीठाचं रूपांतराचं सूत्र गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं असतं, नसेल तर परीक्षा विभागाकडून पत्र घ्या. फॉर्मवर ७८ टक्के आणि तपासणीत ७१ निघाले, तर पात्र असूनही चुकीची माहिती दिली म्हणून अडवतात. शेवटचा निकाल यायचा असेल तर ‘अपिअरिंग’ हाच पर्याय निवडा, पाच सेमिस्टरची सरासरी भरू नका.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्या इंजिनिअरांकडे बारावीची गुणपत्रिका नसते. ‘बारावी किंवा समकक्ष’ या रकान्यात डिप्लोमाच भरायचा. मुक्त विद्यापीठात बारावी न करता पूर्वतयारी अभ्यासक्रमातून बी.ए. केलेल्यांनी मात्र अर्जाआधीच विद्यापीठाला लेखी विचारावं. अनेक ठिकाणी १०+२+३ ही अट शब्दशः लावतात आणि पदवी खरी असूनही माणूस अपात्र ठरतो.

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा शेवटी. दोन्हीकडे नावाचं स्पेलिंग तरी एक आहे ना, हे डिसेंबरच्या आत बघा, कारण आधार दुरुस्तीला वेळ जातो. आईचं नाव बोर्डाच्या गुणपत्रिकेवर नुसतं असतं, तसंच लिहा, उगाच आडनाव जोडू नका. फोटो आणि सहीची फाइल किती केबीची हवी ते फॉर्मवरच दिलेलं असतं.

गुण आले, पुढे?

सीयुईटीचे गुण म्हणजे प्रवेश नव्हे. इथे सामायिक समुपदेशन फेरी नाही. जेएनयूला वेगळी नोंदणी, दिल्ली विद्यापीठाला वेगळी, हैदराबादला वेगळी, प्रत्येकाचं शुल्क वेगळं आणि मुदत वेगळी. उत्तम गुण घेऊन विद्यापीठाच्या फोनची वाट बघत बसलेल्याला कुणीही फोन करत नाही. निकालानंतर रोज एकदा तिन्ही-चारही पोर्टलं उघडायची, एसएमएसवर विसंबायचं नाही. दिल्ली विद्यापीठात जागा मिळाल्याचं दाखवल्यावर ठरलेल्या मुदतीत ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबलं नाही, तर ती जागा जातेच आणि पुढच्या फेऱ्यांतूनही नाव बाद होतं.

जिथे मुलाखत असते तिथे ‘भाषाविज्ञानच का?’ हे विचारतातच. ‘मला पाच भाषा येतात’ हे उत्तर जवळजवळ प्रत्येक जण देतो आणि त्याने काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी एखादं निरीक्षण न्या. ‘तिने पोळी खाल्ली’ मध्ये क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं आणि कर्त्याला ‘ने’ लागतो. ‘मी पोळी खाल्ली’ मध्येही क्रियापद कर्माप्रमाणेच चालतं, पण ‘ने’ गायब. असं का असावं, बोलीत काय होतं, शेजारच्या हिंदीत काय होतं, यावर पाच मिनिटं बोलता आलं तर बी.कॉम.ची गुणपत्रिका कुणी उलगडूनही बघत नाही. विदर्भातल्यांनी मेळघाटची कोरकू, गोंडी, कोलामी, बुलढाण्याकडची निहाली यांची माहिती करून घ्यावी. एकाच राज्यात इतकी वेगवेगळी भाषाकुळं आहेत हे परीक्षकांनाही ऐकायला आवडतं.

आता निकालाचा घोळ. आपल्याकडच्या विद्यापीठांचे शेवटच्या सेमिस्टरचे निकाल कधी लागतील हे कुणी सांगू शकत नाही, आणि केंद्रीय विद्यापीठं त्यासाठी थांबत नाहीत. प्रवेश हंगामी मिळतो, सोबत अमुक तारखेपर्यंत निकाल देईन असं हमीपत्र घेतात. ती तारीख उलटली तर प्रवेश रद्द. परीक्षा विभागात जाऊन निकालाबाबत लेखी पत्र मिळतं का ते आधीच विचारा. कॉलेजच्या बोनाफाईडवर हे भागत नाही. एटीकेटी राहिलेल्यांनी हमीपत्रावर सही करण्याआधी ती तारीख दोनदा वाचावी.

शेवटचा कागद मायग्रेशन, म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र. तो कॉलेज देत नाही, विद्यापीठ देतं. त्यासाठी आधी कॉलेजचा टीसी आणि शेवटची गुणपत्रिका लागते, म्हणून तो प्रवेशाच्या दिवशी कुणाकडेच नसतो आणि हे विद्यापीठांनाही माहीत असल्याने बहुधा काही आठवड्यांची मुदत मिळते. पदवीच्याच विद्यापीठात राहणार असाल, उदाहरणार्थ मुंबई विद्यापीठातून मुंबई विद्यापीठातच, तर तो काढूच नका. एकदा काढला की तुम्ही त्या विद्यापीठातून बाहेर पडलात असं धरलं जातं, आणि परत आत यायला तो रद्द करून घेण्याचे हेलपाटे वेगळे. टीसीच्या मूळ प्रतीची रंगीत स्कॅन काढून ठेवल्याशिवाय तो कुठल्याही खिडकीत देऊ नये.