डबल मार्करचा फॉर्म भरताना कुठे अडतं

डबल मार्कर म्हणजे बाळाला डाउन सिंड्रोमसारखा गुणसूत्रांतला जन्मजात दोष असण्याचा धोका किती, याचा अंदाज देणारी गर्भारपणातली रक्ततपासणी. तिचं रक्त द्यायला दोन मिनिटं पुरतात. घोळ होतो फॉर्मवर.

पहिला गोंधळ मुदतीचा. ही तपासणी ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस एवढ्यातच होते. "तिसरा महिना संपला की करू" म्हणणाऱ्या बायका उशिरा पोचतात. उलट "चौदावा आठवडा लागला, आता काय उपयोग" म्हणून काहीजणी घरीच बसतात. अहो, १३ आठवडे पूर्ण झाले की चौदावा लागतो, म्हणजे हातात अजून सहा दिवस असतात! खरंच वेळ गेलीच, तर पंधराव्या आठवड्यानंतर क्वाड्रपल मार्कर ही तशीच रक्ततपासणी आहे.

सोबत एनटी सोनोग्राफीचा, म्हणजे बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजतात तिचा, रिपोर्ट हवा. त्यात बाळाची लांबी (सीआरएल) ४५ ते ८४ मिलिमीटरमध्ये असावी. दिवस त्यावरूनच मोजतात, त्यामुळे पाळीची तारीख नक्की आठवत नसेल तर अंदाजाने ठोकून देऊ नका. सोनोग्राफीला जाताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि ओळखपत्र न्या, कारण पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याखाली तिथे फॉर्म एफ (सोनोग्राफीची नोंद) भरतात.

आता जन्मतारीख. आधारवर १ जून! गुरुजींनी शाळेत नाव घालताना लिहिलेली. धोका मोजणारं सॉफ्टवेअर प्रसूतीच्या वेळचं वय धरतं, आणि पस्तिशीच्या आसपास एका वर्षानेही धोक्याचा आकडा हलतो. खरी तारीख माहीत असेल तर ती डॉक्टरांना सांगा, चिठ्ठीवर लिहून घ्या. आधार आणि चिठ्ठीत फरक दिसला की काउंटरवर कुरकुर होणारच, पण ती सोसा.

'एथ्निसिटी'चा, म्हणजे वंशाचा रकाना बहुतेकजणी कोरा सोडतात. एकीने तिथे "हिंदू मराठा" लिहिलं होतं. तिची काय चूक, कोणी समजावलंच नाही. तिथे 'एशियन' लिहायचं, 'साउथ एशियन' असा पर्याय असेल तर तो. या तपासणीत रक्तातले पॅप-ए आणि बीटा एचसीजी हे दोन घटक मोजतात, आणि त्यांची सरासरी वंशानुसार थोडी वेगळी असते. कोरा रकाना पाहून मशीन तुमची तुलना युरोपियन बायकांशी करू शकतं. परदेशात राहणाऱ्यांनीही 'ईस्ट एशियन'वर खूण करू नये, तो गट चिनी, जपानी लोकांचा.

वजन त्याच दिवशीचं, चपला काढून. "पन्नास असेल" चालत नाही, कारण अंगाने जड बाईच्या रक्तात हे घटक पातळ होतात. जुळं, मधुमेह, तंबाखू, आयव्हीएफ हेही लपवू नका. आयव्हीएफमध्ये बीज दुसऱ्या बाईचं असेल तर वय तिचं लागतं. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर हे फोनवर नंतर कळवा, पण कळवा.

रिपोर्टवर १:२०० आणि 'हाय रिस्क' दिसलं म्हणजे बाळाला डाउन सिंड्रोम आहे असं नाही. अशा २०० गर्भारपणांत एका बाळाला असण्याची शक्यता, एवढाच अर्थ. पुढे एनआयपीटी (आईच्या रक्तातून बाळाचा डीएनए तपासणं) किंवा पोटातल्या पाण्याची तपासणी, म्हणजे अॅम्नियोसेंटेसिस, सुचवतात. पक्कं निदान एनआयपीटीतून नाही, पाण्याच्या तपासणीतून होतं. त्याआधी फॉर्म जीवर, म्हणजे संमतीपत्रावर सही घेतात. तो तुम्हाला कळणाऱ्या भाषेत असला पाहिजे आणि त्याची प्रत तुम्हाला मिळाली पाहिजे. इंग्रजी फॉर्म पुढे सरकवून "इथे सही करा" म्हणाले, तर पेन खाली ठेवून मराठी मागा.