पश्चात्ताप म्हणजे नुसतं रडणं नव्हे

नागपुरात सदरच्या चर्चबाहेर आजही ऐकू येतं : प्रार्थनेत ढसाढसा रडलं, की पश्चात्ताप झाला. हा समज चुकीचा आहे. घोळ आपल्या शब्दातच आहे. ‘पश्चात्ताप’ म्हणजे मागाहून होणारा ताप. बायबलच्या नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द ‘मेटानोइया’ मात्र मन पालटणं सांगतो.

नव्या करारातल्या लूकच्या शुभवर्तमानातला (लूक 19) जक्कय बघा. श्रीमंत मुख्य जकातदार. तो रडल्याचा उल्लेखही नाही! अर्धी मालमत्ता गरिबांना, फसवून घेतलेलं चौपट परत, असं तो सगळ्यांसमोर बोलला. तारण, म्हणजे पापातून सुटका, या घराला आलं, हे येशूने त्यानंतर म्हटलं. अश्रू खोटे नसतात, पण हिशेब चुकता करायचा राहतोच. आणि हे एकदाच करून भागत नाही : लूक 9:23 मध्ये येशू आपल्यामागे येणाऱ्याला स्वतःला नाकारून वधस्तंभ उचलायला सांगतो, तो ‘दररोज’.