अंगुलिमुद्रातज्ज्ञ (व्यवसाय)

गुन्ह्याच्या जागी, वस्तूंवर किंवा कागदपत्रांवर उमटलेले बोटांचे व तळहातांचे ठसे शोधणे, ते जतन करणे, ज्ञात व्यक्तींच्या ठशांशी ताडून पाहणे आणि त्याविषयीचे मत न्यायालयात मांडणे हे अंगुलिमुद्रातज्ज्ञाचे काम होय. या व्यवसायाला संघटित रूप येण्यात कोलकात्यात १८९७ साली सुरू झालेल्या अंगुलिमुद्रा कार्यालयाचा मोठा वाटा आहे. तेथे घडलेली वर्गीकरणपद्धत बंगालचे तेव्हाचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली. परंतु तिची घडण त्यांच्या हाताखालचे भारतीय पोलीस अधिकारी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांच्या परिश्रमांवर उभी आहे, हे आवर्जून नोंदवले पाहिजे.

या क्षेत्रात येण्यासाठी बहुधा रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा न्यायवैद्यक विज्ञानातील पदवी उपयोगी पडते. पोलीस दलातून प्रशिक्षण घेऊन येणारेही पुष्कळ असतात. पदवीपेक्षा अधिक काळ जातो तो अनुभवी तज्ज्ञाच्या हाताखालच्या उमेदवारीत.

डोळ्यांना न दिसणारे ठसे उठवण्याची रीत पृष्ठभागानुसार बदलते. कागदावर निनहायड्रिन हे रसायन वापरल्यास घामातील अमिनो आम्लांशी त्याची अभिक्रिया होऊन जांभळ्या रेषा उमटतात, तर प्लॅस्टिक किंवा काचेवर झटपट चिकटणाऱ्या गोंदातील सायनोअ‍ॅक्रिलेटच्या वाफेने ठशावर पांढरा थर बसतो. पावडरीचा ब्रश फिरवताना ठसा पुसला जाण्याचा धोका असल्याने, जो ठसा आधीच दिसतो त्याचे छायाचित्र प्रथम घेतले जाते.

व्यवसायाचा खरा कस तुलनेत लागतो. ठशातील रेषांचा कमान, शंख किंवा चक्र हा आकार केवळ प्राथमिक चाळणीपुरता असतो. रेषा कोठे संपते, तिला कोठे फाटा फुटतो आणि या खुणांची परस्परांशी मांडणी कशी आहे, यावर मत ठरते. विश्लेषण, तुलना, मूल्यमापन व पडताळणी या क्रमात घटनास्थळावरील ठशाच्या खुणा संशयिताचा ठसा पाहण्यापूर्वीच नोंदवून ठेवाव्यात, हा संकेत कळीचा आहे. २००४ मधील माद्रिद येथील रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर एका पिशवीवरील ठसा अमेरिकेच्या एफबीआय या केंद्रीय तपाससंस्थेच्या तज्ज्ञांनी एका निरपराध अमेरिकी वकिलाचा ठरवला आणि त्या वकिलाला कोठडीत राहावे लागले. पुढे स्पॅनिश पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच व्यक्तीचा असल्याचे दाखवले. समोर ठेवलेल्या ठशाकडे पाहून मूळ ठशात खुणा ‘दिसू’ लागणे हे या चुकीमागचे एक कारण चौकशीत आढळले. पडताळणी करणाऱ्याला पहिल्या तज्ज्ञाचा निष्कर्ष आधी कळू न देण्याचा आग्रह यामुळेच योग्य ठरतो.

किती खुणा जुळल्या म्हणजे ओळख पटली, याबाबत देशोदेशीचे नियम वेगळे आहेत. इंग्लंडमध्ये सोळा खुणांचा दंडक होता, तो २००१ मध्ये सोडण्यात आला आणि निर्णयाची जबाबदारी तज्ज्ञावर अधिक आली. संगणकीय शोधप्रणाली लाखो नोंदींतून संभाव्य ठशांची यादी काढून देते, तथापि त्यांतील एखादा ठसा स्वीकारणे, नाकारणे किंवा ठसा अपुरा असल्याने मत देता येत नाही असे अहवालात लिहिणे हे तज्ज्ञाचेच काम राहते, आणि उलटतपासणीत त्या प्रत्येक शब्दाचे समर्थन त्याला किंवा तिला करावे लागते.