पेट्रोलच्या पाइपातला दाब आला कुठून?

ऐंशीच्या दशकात गणपतीला गावी निघालेली प्रीमियर पद्मिनी कशेडी घाटात बंद पडली, तर बॉनेट उघडून पेट्रोल पंपावर ओला फडका टाकायचा आणि गाडी थंड होईपर्यंत थांबायचं, हे मागच्या सीटवरच्या पोरांनाही माहीत असायचं. पंप इंजिनालाच बसवलेला. चढावर तो तापला की पाइपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंपाला वाफ काही ओढता येत नसे. त्या पंपाचा दाब होता जेमतेम ३ ते ५ पीएसआय. टायरमध्ये आपण ३० भरतो, त्यावरून अंदाज यावा. पाइप हाताने उपसून काढला तरी थोडंसं पेट्रोल ओघळायचं, एवढंच. काम सुरू करण्याआधी दाब उतरवायचा असतो, हा नियम त्या काळच्या गॅरेजमध्ये नव्हता आणि त्याची गरजही नव्हती.

ती गरज इंजेक्शनने, म्हणजे इंजिनात पेट्रोलचा फवारा मारायच्या पद्धतीने आणली. १९६७ साली बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक पद्धत फोक्सवॅगन १६०० या गाडीवर आली. बारीक फवारा मारायचा तर पेट्रोल सतत दाबाखाली हवं, म्हणून तिथे सुमारे २ बार, म्हणजे टायरच्या हवेइतका दाब ठेवला गेला. १९७३च्या के-जेट्रॉनिकमध्ये तो ५ बारच्या घरात गेला. आजच्या एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा फवारा देणाऱ्या गाड्यांत तो साधारण ३ ते ४ बार असतो. दाबाखालच्या पेट्रोलची सहजासहजी वाफ होत नाही, त्यामुळे घाटातला ओला फडका इतिहासजमा झाला.

पण गरम इंजिन पुन्हा पटकन सुरू व्हायचं तर गाडी बंद केल्यावरही हा दाब टिकायला हवा. त्यासाठी पंपात एकतर्फी झडप असते. म्हणूनच रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या रेलमध्येही, म्हणजे फवाऱ्यांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतही दाब असू शकतो. किल्ली काढली म्हणजे पाइप मोकळा झाला, असं धरून चालणारा माणूस इथेच फसतो. फिल्टरचा सांधा सुटला की पेट्रोलची चिळकांडी थेट डोळ्यांत किंवा इंजिनाच्या गरम मॅनिफोल्डवर, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर जाते.

आपल्याकडे हा बदल प्रदूषणाच्या नियमांमागून आला. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी युरो मानकं सक्तीची केली आणि कंपन्यांनी पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुना कार्ब्युरेटर सोडायला सुरुवात केली. २०००च्या सुमारास मारुती ८००सुद्धा एमपीएफआय झाली. दुचाक्यांना मात्र बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक येईपर्यंत, म्हणजे एप्रिल २०२० पर्यंत सवड मिळाली. त्याआधी गावातला मेस्त्री कॉकची नळी काढून बाटलीत पेट्रोल घ्यायचा आणि त्यात प्लग धुवायचा. आता बऱ्याच बाइकच्या टाकीत पंप आहे आणि नळीत सुमारे ३ बार दाब. सवय जुनी, नळी नवी. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याचीच.

दाब उतरवायची रूढ पद्धत सोपी आहे. इंजिन चालू ठेवून पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढायचा. इंजिन आचके देत आपसूक बंद पडतं. मग दोन-तीन सेकंद सेल्फ मारायचा, इग्निशन बंद करायचं आणि बॅटरीची मायनस काढायची. टाकीचं झाकण उघडून आतली वाफ सोडायची. इंजिन निवलं की चष्मा लावून, सांध्याभोवती जाड सुती फडका गुंडाळून सांधा सावकाश सैल करायचा, कारण दाब गेला तरी पाइपात पेट्रोल उरतंच. उणे ४० अंशांच्या आसपासही पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड, म्हणून सर्व्हिसिंगच्या खड्ड्यात साचते. पावसाच्या झडीमुळे शटर अर्ध्यावर ओढून काम चालतं, तेव्हा तर ती बाहेर जायलाही वाट नसते. खड्ड्यात लोंबणारा उघडा बल्ब आधी बाहेर काढायला हवा.

किनाऱ्यावर आणखी एक भर पडते. खाऱ्या हवेने क्लिपा आणि लोखंडी पाइप गंजतात, नट अडकतो, मग जोर लावला जातो आणि सांधा एकदम सुटतो. २२ जुलै २०२१च्या वाशिष्ठीच्या पुरानंतर चिपळूणमध्ये बुडालेल्या गाड्यांना तर वरची पद्धत लावणंच चुकीचं होतं. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन चालू करायला गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा गाडीची आधी बॅटरी सोडवायची. रेलवर झडप असेल तर तिथून, नाहीतर फडक्याखाली सांधा हळूहळू सैल करून दाब काढायचा.

डिझेलचं प्रकरण वेगळं आणि जास्त गंभीर आहे. मिरकरवाडा, हर्णै, मालवणच्या बोटींवरच्या जुन्या इंजिनांत हवा शिरली की इंजेक्टरच्या पाइपाचा नट सैल करायचा, सेल्फ मारायचा आणि बुडबुडे थांबले की नट आवळायचा. कित्येक मेस्त्रींनी काम शिकायला सुरुवात केली ती इथून. १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ मध्ये कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून दाबाखालचं डिझेल देणारी पद्धत आली, १३५० बारची. आज काही इंजिनांत तो आकडा २००० बारच्या वर आहे. तिथे इंजिन फिरत असताना नटाला पाना लावायचाच नाही. बंद केल्यावरही त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबायचं. गळती शोधायला बोट फिरवायचं नाही, पुठ्ठा धरायचा.

इतक्या दाबाचं डिझेल हातमोजा आणि कातडी भेदून आत जातं. डिझेल इंजिनामुळे झालेल्या अशा जखमेची वैद्यकीय नोंद १९३७ सालीच झाली आहे. वर दिसतं टाचणीएवढं छिद्र, सुरुवातीला दुखतही नाही, आणि काही तासांत बोट आतून सडायला लागतं. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि पट्टी यावर भागत नाही. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात ‘डिझेल दाबाने आत घुसलंय’ असं सांगावं आणि हाताची शस्त्रक्रिया जिथे होते तिथे, काम अर्धवट टाकून, तडक निघावं.